बाटलीच्या आधी नाव : टस्कनी, अकलूज आणि आपली संत्री



या वेळचं टिपण नेहमीपेक्षा लांब आहे. फवारणीचं प्रमाण किंवा खताचा डोस यात नाही. पण आमच्या गटात एक मोठा निर्णय अडकला होता. त्यापायी तीन महिने वाचलं, विचारलं, नाशिक-अकलूजपर्यंत जाऊन आलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे मांडतो. कृषी खात्यातली, विद्यापीठातली मंडळीही हे पान वाचतात. कुठं चुकलो तर कान धरा.

गोष्ट सुरू झाली दिवाळीनंतर. आंबिया बहाराचा माल निघत होता. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळीनं निम्मं झाड खाली आलेलं आणि जे उरलं त्यातला बारीक माल कळमन्याला कोणी विचारेना. संध्याकाळी पारावर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. आमच्यातल्या एका तरुण पोरानं मोबाईलवर व्हिडिओ लावला. इटलीतला टस्कनी भाग. आठ-दहा एकरांचा द्राक्षमळा, दगडी घर, घराखाली तळघर, तळघरात लाकडी पिंपं. नवरा-बायको स्वतः वाईन करतात, पाहुणे येतात, जेवतात, बाटल्या विकत घेऊन जातात.

पोरगा म्हणाला, "पाहा काका, त्याची दहा एकर हाये, आपली गटाची पन्नास हाये. त्यायले जमते त आपल्याले काहून नाई जमत? बारीक माल, गळीचा माल, सारा वाईनले देऊ. फेकाले काहीच नाई राहत."

कल्पना पारावर सगळ्यांना पटली. आठवडाभरात हिशेबाचा कागद तयार झाला. टाक्या, मशीन, शेड, परवाना. बँकेला तारण म्हणून प्रत्येकानं आपापला सातबारा द्यायचा. माझं वावर काटोल तालुक्यात, पाच एकर बगीचा, वडिलांनी लावलेला. मी म्हटलं, "मले जरा वेळ द्या. ज्यायनं हे आधी केलं त्यायचं काय झालं ते पाहून येतो, मग सही."

आधी टस्कनीचंच पाहू, कारण व्हिडिओ तिथला होता.

आज ते दगडी घर सुंदर दिसतं. पण शंभर वर्षांपूर्वी त्या घरात मालक राहत नव्हता, बटाईदार राहत होता. टस्कनीत शेकडो वर्षं 'मेझ्झाद्रिया' नावाची पद्धत होती. शब्दाचा अर्थच निम्मा-निम्मा. जमीन आणि घर मालकाचं, राबणार बटाईदाराचं कुटुंब, आणि पीक अर्धं-अर्धं. द्राक्षाचा वेगळा मळाही बहुतेक ठिकाणी नसे. बांधावरच्या झाडांवर वेल चढवायचे आणि मधल्या पट्ट्यात गहू पेरायचा, सोबत ऑलिव्ह. आपण संत्र्याच्या दोन ओळींत हरभरा घेतो ना, तसाच प्रकार. पोटाला गहू लागायचा, म्हणून वाईन दुय्यम. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं कारखान्यांच्या गावांकडे निघून गेली, घरं ओस पडली. १९६४ साली इटलीनं कायदा करून बटाईचे नवे करार बंद केले. पुढं त्याच ओस घरांपैकी कित्येक बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतली आणि नीटनेटकी केली. व्हिडिओत दिसतं ते हे घर. कष्टानं वर आलेल्या लहान शेतकऱ्याचं म्हणून आम्ही ते पाहत होतो. दर वेळी ते तसं असतंच असं नाही.

मग त्यांच्या बाटलीला दर कशामुळे मिळतो? इथं मला खरी गोष्ट सापडली.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या डोंगराळ पट्ट्याला कियांती म्हणतात. तिथली वाईन प्रसिद्ध झाली, तशी दुसरीकडची वाईन त्याच नावानं खपू लागली. म्हणून १७१६ साली टस्कनीचा राजा, मेदिची घराण्यातला तिसरा कोसिमो, यानं हुकूम काढून हद्द आखली. या गावापासून त्या गावापर्यंत पिकेल त्यालाच कियांती म्हणायचं. आपल्याकडे तेव्हा सातारच्या गादीवर शाहू महाराज होते, म्हणजे किती जुनी गोष्ट ते बघा. पुढं १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली या जमीनदारानं पत्रात लिहून ठेवलं की कियांतीत मुख्य द्राक्ष सांजोवेसे, बाकीची कशासाठी आणि किती. हा माणूस इटलीचा पंतप्रधानही होऊन गेला होता.

तरी नक्कल थांबली नाहीच. तेव्हा १९२४ साली राद्दा नावाच्या गावात ३३ उत्पादक एकत्र बसले आणि त्यांनी संघ काढला. त्यांची खूण काळा कोंबडा. आजही कियांती क्लासिकोच्या बाटलीच्या गळ्यावर तो कोंबडा असतो. त्या संघाच्या वाईनला नियम असा, की हेक्टरी ७५ क्विंटलपेक्षा जास्त द्राक्ष घ्यायचं नाही. म्हणजे एकरी साधारण ३० क्विंटल. आपल्या नाशिकचा टेबल द्राक्षवाला एकरी १०० क्विंटलच्या आसपास काढतो. तो हा आकडा ऐकून हसेल. पण नियम तोच आहे. माल कमी, साखर नि चव जास्त, आणि नाव जपलेलं.

क्रम लक्षात घ्या. हद्द १७१६ ला, द्राक्षाची जात १८७२ ला, संघ १९२४ ला. पर्यटक आणि पाहुण्यांचं जेवण या सगळ्याच्या नंतर आलं. आम्ही पारावर बसून शेवटची पायरी पहिली समजत होतो.

आता आपल्या मातीकडे येऊ.

इटलीची वाईन महाराष्ट्राला नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासग्रंथात भडोच बंदरावर काय काय उतरायचं याची यादी आहे. त्यात वाईन आहे आणि इटलीच्या वाईनला पसंती होती असंही लिहिलं आहे. पैठण नि तेरचा माल बैलगाड्यांनी त्याच बंदराला जायचा. नेवाशाच्या उत्खननात रोमन पद्धतीच्या मद्यकुंभांची खापरं निघाली. सातवाहनांच्या काळात प्रवरेच्या काठी कोणीतरी इटलीची वाईन पीत होतं.

द्राक्षही जुनंच. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. आपली संत्री भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून नागपूरला आली असं सांगतात. म्हणजे दोन्ही फळांचा माग त्याच मुलखात जातो.

'वर्षातून दोनदा' हा शब्द द्राक्ष समजून घ्यायला फार कामाचा आहे. टस्कनीत थंडी पडली की वेल पानं झाडून झोपतो. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी, एप्रिलच्या सुमारास फूट, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. झोपवायचं काम निसर्ग करतो. महाराष्ट्रात वेलीला झोपच नाही. सोडून दिली तर ती वर्षभर वाढत राहते. म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते आणि काडीच्या डोळ्यात घड ठरतो. पावसाळा सरता सरता फळछाटणी, तिच्यातून तो घड बाहेर येतो. माल जानेवारी ते मार्च. संत्र्यात आपण हेच ताण देऊन करतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडलं की आंबिया, मे महिन्यात तोडलं की मृग. द्राक्षवाला कात्रीनं झाडाला ऋतू दाखवतो, आपण पाणी तोडून दाखवतो.

पण एक फरक उरतोच, आणि वाईनच्या दृष्टीनं तोच मोठा. टस्कनीत द्राक्ष पिकतं तेव्हा दिवस थंड होत जातात. साखर हळूहळू चढते, आंबटपणा टिकतो. आपल्याकडे पिकायच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चला, ऊन तापत जातं. साखर भराभर चढते आणि आंबटपणा पडतो. म्हणून वाईनची द्राक्षं उजाडायच्या आत तोडून थंडच टाकीपर्यंत न्यावी लागतात.

महाराष्ट्रातल्या आजच्या वाईनची सुरुवात नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तिथं इंडेज काढली. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या पायपर हाइडसिक या घराण्याचं तंत्र घेतलं आणि फसफसणारी वाईन 'ओमर खय्याम' नावानं परदेशात पाठवली. जुन्नरच्या मातीतली वाईन युरोपात विकली गेली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

नंतर राजीव सामंत. अमेरिकेत शिकून, नोकरी करून परत आले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला घरची जमीन होती. आधी आंबा, गुलाब, सागवान, टेबल द्राक्ष असं करून पाहिलं. मग कॅलिफोर्नियाचे वाईनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्यानं १९९७ साली सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या. २००० साली पहिली वाईन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला. २००५ साली त्यांनी मळ्यातच लोकांना वाईन चाखायची जागा उघडली. ज्या देशात वाईन प्यायची सवयच नव्हती तिथं आधी गिऱ्हाईक घडवावं लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

२००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षाच्या वाईनला अबकारी शुल्कात माफी, परवाने सोपे, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क. मग लाटच आली. निफाड, दिंडोरी भागात द्राक्ष बागायतदारांनी वायनऱ्या काढल्या, काहींनी एकट्यानं, काहींनी भाऊबंद मिळून. आमच्या पारावर जे बोलणं झालं ते नाशिकच्या पारांवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

त्यातलंच एक उदाहरण थेट टस्कनीचं आहे, आणि तेही दुष्काळी सोलापूर जिल्ह्यात.

अकलूजच्या फ्राटेली वाईन्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. फ्राटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तीन घरचे दोन-दोन भाऊ एकत्र आले. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि टस्कनीचे आंद्रिया आणि अलेसियो सेची. सातवा माणूस पिएरो मासी, कियांतीत हयात घालवलेला वाईन करणारा. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, निमगाव, गारवाड या गावांत मिळून २४० एकर जागा निवडली. २००७ च्या सुमारास युरोपातून रोपं आणून लाखांनी लावली. त्यात टस्कनीचं सांजोवेसेही होतं. त्यांची सगळ्यात नावाजलेली वाईन 'सेत्ते', म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

फेब्रुवारीत मी सोलापूरला रेल्वेनं आणि तिथून एसटीनं अकलूजकडे गेलो. आत जायची ओळख नव्हती. बांधावरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं आणि तिथल्या एका मुकादमाशी बोललो. टेबल द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, सावलीत घड लोंबतात. इथं मांडव नाही. वेली उभ्या तारांवर, कंबरेएवढ्या उंचीला घड, हवा आरपार. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. मुकादमानं एक मणी तोडून हातावर दिला. गोड तर इतका की जीभ चिकटली, पण खायला मजा नाही. बी दातात येतं, साल चावत बसावं लागतं.

मी विचारलं, "घडं कमी का ठेवलीत?" तो म्हणाला, "कमी ठेवली नाहीत, काढून टाकलीत. मणी रंगायच्या आधीच निम्मी कापून खाली टाकली. पहिल्या वर्षी मला वाटलं, साहेबांचं डोकं फिरलंय."

आपण फळगळ थांबवायला फवारे मारतो आणि ही माणसं पैसे देऊन फळ पाडतात. हीच ती एकरी ३० क्विंटलची टस्कनीची शिकवण, मुरमाड माळावर उतरलेली.

कृषी पदवीच्या पोरांसाठी एक जोड देतो. ही रोपं स्वतःच्या मुळावर नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपचे मळे बसवले होते. ते वाचले अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम करून. आपल्याकडे टेबल द्राक्षाला डॉगरिज खुंट वापरतात, तोही अमेरिकेचाच, पण खारं पाणी आणि कोरड सोसायला. आपण जंबेरीवर संत्र्याचा डोळा बांधतो, तत्त्व तेच.

आता ज्या भागासाठी हे टिपण लिहितोय तो भाग.

माझा साडू निफाड तालुक्यातला. त्यानं त्या लाटेत दोन एकर थॉमसन काढून वाईनची द्राक्षं लावली होती. एका वायनरीशी करार. ठरलेला दर, ठरलेली साखर, माल बांधावरून उचलणार. पहिले दोन हंगाम पैसे वेळेवर आले. त्याच पैशातून मोठ्या पोरीचं लग्न झालं, मी त्या लग्नाला होतो. मांडवात तो सगळ्यांना सांगत फिरत होता, "आता बाजार समितीचं तोंड बघायचं नाही."

मग २००८ उजाडलं. जगभर मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, ताज आणि ओबेरॉय ही मोठी हॉटेलं बंद पडली, पर्यटक आटले. आपल्याकडची वाईन त्या काळी मुख्यतः अशा हॉटेलांत आणि मोठ्या शहरांत खपायची. लाटेत निघालेल्या वायनऱ्यांनी भरपूर वाईन करून ठेवली होती. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही, बँकेचं व्याज चालू. वाईन तयार व्हायला महिने लागतात, लाल असेल तर वर्षही लागतं. तेवढा काळ पैसा टाकीतच पडून असतो. मोठ्याला ते सोसतं, लहान वायनरी त्यातच मोडते. मोठेही सगळे टिकले नाहीत. नारायणगावच्या इंडेजनं तेजीच्या काळात ऑस्ट्रेलिया, ब्रिटनमध्ये कंपन्या घेतल्या होत्या. ती कर्जात बुडाली आणि कोर्टाच्या आदेशानं अवसायनात निघाली.

साडूच्या बांधावर त्या हंगामात गाडी आलीच नाही. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". साखर २४ ब्रिक्सवर गेली, मग २६ वर. मणी सुकायला लागले. शेवटी तो दोन कॅरेट घेऊन पिंपळगावच्या बाजारात गेला. व्यापाऱ्यानं एक मणी तोंडात टाकला, बी थुंकलं आणि म्हणाला, "हे काय आणलंस? गुरांना घाल."

गुरांनाच घातलं. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर लावून वेली उपटल्या. त्या दोन वर्षांत त्या भागात कित्येकांनी तेच केलं, काहींनी त्याच खुंटावर परत टेबल जातीचं कलम बांधलं. या वेळी भेटलो तेव्हा त्यानं एकच वाक्य सांगितलं, "साडूभाऊ, खायच्या द्राक्षाला दोन दारं असतात. निर्यात नाही झाली तर गावचा बाजार, तोही पडला तर बेदाणा. वाईनच्या द्राक्षाला एकच दार. आणि त्याची किल्ली आपल्या खिशात नसते."

यावरून वाईनचा धंदाच खोटा, असं मी म्हणत नाही. जे टिकले ते आजही चांगलं कमावतात. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं. राज्यानं विक्रीकराचा मोठा हिस्सा परत द्यायची योजना काढली, तिचा आधार झाला. निफाडजवळ कुंदेवाडीत पाटील कुटुंबानं 'रेवेलो' चालवली. इटलीचा वाईन करणारा आणला, सिसिलीच्या नीरो दावोला आणि ग्रिलो या जाती लावल्या, स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षावर भर ठेवला. टस्कनीच्या व्हिडिओतल्यासारखी लहान वायनरी महाराष्ट्रात पाहायची तर तिकडे बघा. पण टिकलेल्यांची नावं तपासली तर दोनच गोष्टी सारख्या दिसतात. द्राक्ष वाईनसाठीच लावलेलं होतं, उरलेलं टाकीत ढकललेलं नव्हतं. आणि बाटली भरायच्या आधी ती विकायची कुठं हे ठरलेलं होतं.

आता आपल्या संत्र्याला हेच माप लावू.

वाईनच्या द्राक्षात साखर २२ ते २४ ब्रिक्स. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं. म्हणून द्राक्षाला बाहेरून साखर लागत नाही, १२-१३ टक्के आपोआप येतं. आपल्या नागपुरी संत्र्याचा रस १० ब्रिक्सच्या आसपास. त्यातही सगळी साखर नसते, आम्लही असतं. यातून फार तर पाच टक्के अल्कोहोल निघेल, आणि एवढ्यावर वाईन टिकत नाही. ११ टक्क्यांवर न्यायची तर हजार लिटर रसात क्विंटलभर साखर ओतावी लागते. गळीच्या आणि बारीक मालात साखर आणखी कमी. मग विकतो ते काय, संत्र्याची वाईन की साखरेची?

दुसरं, कडूपणा. संत्र्याचा रस काढला तेव्हा गोड, काही तासांनी कडू. घरी करून पाहा. बियांमधून आणि पांढऱ्या पापुद्र्यातून लिमोनिन तयार होतं, उष्णता दिली की आणखी लवकर. नागपुरी संत्र्याच्या प्रक्रियेतलं हे जुनं दुखणं आहे. आपल्या अमरावती रोडच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतली माणसं याबद्दल नीट समजावून सांगतात, जाऊन विचारा. त्यावर उपाय आहेत, पण ते मशीन आणि पैसा मागतात. आमच्या कागदात त्या मशीनची ओळच नव्हती.

तिसरी गोष्ट हिशेबाच्या कागदावर मावत नाही. आपला शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या आंदोलनानंतर बंदी झाली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं, शेतकऱ्यांच्या नावानं. केवढा विरोध झाला ते आठवत असेल. तो निर्णय पुढं अमलात आला नाही. मी घरी हा विषय काढला तर बायको म्हणाली, "बचत गटातल्या बायायनं दोन वर्षं भांडून गावातली भट्टी बंद केली. तुम्ही आता परवान्याची उघडता काय?" वाईन आणि गावठी एक नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण जिच्या घरात रोज पिऊन येणारा आहे, तिला तो फरक मी कोणत्या तोंडानं समजावू? बाजार बघताना स्वतःचं गावही बघावं लागतं.

मागच्या आठवड्यात पारावर परत बसलो. हे सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी सातबारा देत नाई. पण टस्कनीची दुसरी एक गोष्ट घेऊ, जिले तारण लागत नाई."

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे १७१६ साली कियांतीला जे मिळालं ते कायद्यानं आपल्याकडेही आहे. पण रस्त्यावर कुठलंही संत्रं 'नागपुरी' म्हणून विकलं जातं, आणि आमच्या गटात एकाचीही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नाही. ३३ लोकांनी राद्दात बसून केलं ते आम्ही आठ जण पारावर बसून करू शकतो. आधी नोंदणी. मग झाडावरच विरळणी करून मालाचा आकार राखायचा. प्रतवारी करून एकाच नावाच्या पेटीत माल भरायचा. बारीक मालासाठी टाकी विकत घ्यायच्या आधी रस घेणारा खरेदीदार शोधायचा आणि लेखी करार करायचा, त्यात "माल उचलला नाही तर काय" ही ओळ पहिली. प्रक्रिया आपल्याला नवी नाही. नोगाचं जॅम नि स्क्वॅश खाऊन-पिऊनच आपण मोठे झालो. कारखाना काढता येतोच, पण तो शेवटी.

सगळ्यांना पटलं नाही. दोघं जण वाईनच्याच बाजूचे आहेत आणि व्हिडिओवाला पोरगा माझ्याशी नीट बोलत नाही. काल धुऱ्यावर भेटला, मान खाली घालून पुढं गेला. वाईट वाटलं. त्याच्या वयात मीही वडिलांवर असाच रुसलो होतो, मोसंबी लावायच्या पायी. त्याचा उत्साह मला मोडायचा नाही. त्याला घेऊन एकदा निफाडला जाणार आहे, साडूच्या वावरात. तिथं जुन्या तारांचे दोन खांब अजून उभे आहेत.

तुमच्यापैकी कोणी संत्रा, जांभूळ किंवा आणखी कशाची फळवाईन केली असेल तर खाली लिहा. जमलं असेल तर कसं, बसलं असेल तर कशानं. खरं लिहा. आमच्या पोराला ते वाचून दाखवायचं आहे.

पुढच्या टिपणात मृगाचा ताण, भारी जमिनीत किती दिवस आणि हलक्या जमिनीत किती, ते घेऊ. तोवर बुडखे तपासत राहा, डिंक्या दिसला तर खरवडून बोर्डो पेस्ट लावायला विसरू नका.